कडक सोळा

खोटं बोलत असेन तर माझे उरलेसुरले चार दात आत्ताच्या आत्ता या चहाच्या कपात गळून पडोत! शब्दन्‌शब्द खरा आहे. ज्याला पटायचं नसेल त्याने खुशाल उठावं, दार तिकडे आहे, आणि जाताना ओढून घ्यावं, वारा फार येतो.

कुणी उठलं नाही ना? मग ऐका.

एक होती मुंगी. पोरगीच ती, पण चण एवढीशी आणि हात सदा चालू, म्हणून आत्याने ठेवलेलं नाव. आईबाप लहानपणीच गेलेले. आत्याने वाढवलं, आत्याने शिकवलं आणि आत्यानेच कामाला लावलं. आत्या जन्मभर कॅसिनोत ब्लॅकजॅकची पानं वाटत आली होती. तिचे गुडघे गेले तेव्हा तिच्या टेबलामागे मुंगी उभी राहिली. या जगात मुंगीला आत्याशिवाय कुणी नव्हतं. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

खेळ सोपा हो. पानांची बेरीज एकवीसच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, पण एकवीसच्या वर गेलात की फुटलात. राजा, राणी, गुलाम ही चित्रं, प्रत्येकी दहा. एक्का मर्जीचा मालक, हवा तर एक, हवा तर अकरा. वाटणारी स्वतःलाही दोन पानं घेते, एक उघडं, एक झाकलं. त्या झाकल्या पानाखाली काय दडलंय याच्यावर लोकांची झोप उडते.

आत्याच्या घरात सगळी बोलीच या टेबलाची. दूध उतू गेलं की आत्या ओरडायची, "फुटलं!" आणखी चहा हवा असला की तोंड उघडायचं नाही, दोन बोटांनी टेबलावर टकटक करायचं. पुरे झालं की तळवा आडवा फिरवायचा. पाहुणा फार वेळ बसला की आत्या एक टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटेपालटे करून दाखवायची. पाहुण्याला काही कळायचं नाही, पण मुंगी लगेच त्याच्या चपला शोधायला उठायची.

आणि संकटाला त्या घरात एकच नाव. कडक सोळा.

"हातात दहा आणि सहा," आत्या सांगायची, "समोर माझं उघडं पान दश्शी. आणखी पान घेतलंस तर फुटशील, थांबलीस तर मी तुला खाईन. इकडे आड, तिकडे विहीर. मग काय करायचं?"

"रडायचं," मुंगी म्हणायची.

"गाढवे! सोडायचा हात. बोटाने पानांपुढे आडवी रेघ ओढायची. लावलेल्या पैशांतलं अर्धं जातं, पण अर्धं वाचतं."

आता त्या टेबलाच्या दोन गोष्टी सांगते आणि मग तुम्हाला घाबरवते. पहिली, तिथे तोंडाला किंमत नाही. खेळणाऱ्याने घसा फोडून "पान दे" म्हटलं तरी पान मिळत नाही, टेबलावर बोट वाजवावंच लागतं. का, तर छताला काळ्या काचेचे गोळे आहेत आणि त्यांच्यामागे कुणीतरी बसलेला आहे. त्याला सगळे म्हणतात वरचा डोळा. डोळ्याला कान नाहीत, त्याला फक्त हात दिसतात. तो कोण, कसा दिसतो, काय खातो, वाटणाऱ्यांना ठाऊक नसतं. आणि त्यालाही वाटणाऱ्यांचे चेहरे नीट ठाऊक नसतात. वरून काय दिसणार? केसांचा भांग आणि दोन हात.

दुसरी गोष्ट. वाटणारीच्या कपड्यांना खिसे नसतात, आणि टेबलावरून हात उचलायचे झाले, मग नाक खाजवायचं असो की घरी जायचं असो, आधी टाळी वाजवून तळवे वरच्याला दाखवायचे. बघ बाबा, माझ्याकडे काही नाही, सगळं स्वच्छ. एरवी, डाव मधोमध असताना टाळी कुणी वाजवत नाही. वाजवली तर समजायचं, बाई चक्रम झाली.

तर त्या दुपारी मुंगी नुकतीच टेबलावर आली होती. शेवटच्या खुर्चीत नेहमीची म्हातारी बसली होती. ही बाई रोज तिथेच बसायची, कारण शेवटच्या खुर्चीवाला जे करेल त्यावर वाटणारीचं नशीब फिरतं असा तिचा ठाम समज. सगळ्या टेबलाची राखण आपणच करतो असा तिचा तोरा. मधल्या खुर्च्या रिकाम्या. आणि पहिल्या खुर्चीत, मुंगीच्या डाव्या हाताशी, एक माणूस येऊन बसला. इस्त्रीचा सदरा, मधाळ आवाज. आपण त्याला गोडबोल्या म्हणू.

"ताई, किती छान वाटता हो तुम्ही पानं," गोडबोल्या म्हणाला. "घरूनच शिकलात वाटतं?"

मुंगी हसली. असं म्हणणारे पुष्कळ येतात.

"आत्याने शिकवलं असणार. तिच्या घरी चहासुद्धा छान मिळतो म्हणतात."

मुंगीचं हसू ओठांवरच राहिलं. त्याने मांडीवरचा फोन टेबलाच्या गादीच्या कडेपर्यंत वर केला, तिला दिसेल एवढाच, आणि परत मांडीवर नेला. पण जेवढं दिसायचं तेवढं दिसलं होतं. आत्याचं स्वयंपाकघर. आत्या नेहमीच्या खुर्चीत. दोन्ही हातांत कप, उजव्या हाताची ती वाकडी करंगळी बाहेर. आणि चित्राच्या कडेला, टेबलाखाली, कुणाचे तरी मोठाले काळे बूट. पिवळ्या नाड्यांचे.

"माझा मित्र आहे तिकडे," तो तितक्याच गोड आवाजात म्हणाला. "मीटर बघायला गेलाय. फार शांत माणूस. मी या बटणावर अंगठा दाबला की मात्र शांत राहत नाही. घाबरू नका ताई, काम साधं आहे. तुमचं उघडं पान चित्र किंवा दश्शी आलं की तुम्ही झाकल्या पानाचा कोपरा उचलून बघता ना, एक्का आहे का ते? बघितलं की अंगठा सांगू दे. मोठं पान असेल तर आत दुमडायचा, छोटं असेल तर बाहेर. तोंड उघडलंत तर मी दाबतो. त्या साहेबांकडे बघितलंत तरी दाबतो."

साहेब म्हणजे टेबलांवर देखरेख करणारा गृहस्थ. पोरी त्याला पाठीमागे मुकादम म्हणत. तो मुंगीपासून हाताच्या अंतरावर, पाठ करून, दातांत काडी घालून उभा होता. एवढ्या जवळ! नुसतं "साहेब" म्हटलं असतं तरी वळला असता. आणि तेवढ्याचीच चोरी.

मुंगीची जीभ टाळूला चिकटली. पाठीवरून घामाचा ओघळ निघाला, नाकाच्या शेंड्यावर एक थेंब येऊन लोंबकळला, आणि तो पुसताही येईना. पण हात? हात दगडासारखे स्थिर. एक बोट हललं नाही. मी सांगते ना!

तिने पानं वाटली. तिचं उघडं पान आलं राजा. नशीबच तसं. तिने झाकल्या पानाचा कोपरा उचलला. पंजी. राजा आणि पंजी म्हणजे पंधरा, आणि सतराच्या आत वाटणारीला थांबता येत नाही, म्हणजे तिला पान घ्यावंच लागणार आणि फुटायची शक्यता दांडगी. तिचा अंगठा बाहेर गेला. जन्मात पहिल्यांदा तिने टेबलाशी बेइमानी केली. आपल्याच अंगठ्याची तिला शिसारी आली.

गोडबोल्या थांबला. मुंगी फुटली.

"शहाणी आहात," तो म्हणाला.

"कोण शहाणी?" शेवटच्या खुर्चीवरून म्हातारी खेकसली. "मी थांबले म्हणून ती फुटली. मला म्हणा शहाणी!"

पुढचा डाव पिसताना, म्हणजे पिसणं कुठलं, पत्त्यांच्या पेटीतून पानं ओढताना, मुंगीच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. याचं पोट भरलं की हा उठून जाईल. पण तिकडचा? तिकडच्याने आत्याला तोंड दाखवलंय. तोंड दाखवून बसलेला माणूस नुसता चहा पिऊन परत जातो का? ऐकलं तरी मरण, नाही ऐकलं तरी मरण. आत्याच्या भाषेत कडक सोळा.

मग आत्याचाच आवाज आला कानात. गाढवे, सोडायचा हात.

अर्धं जाईल. म्हणजे नोकरी जाईल. जाऊ दे.

तिच्यासमोर हा एक माणूस होता जो तिचं तोंड आणि डोळे राखत बसला होता. आणि वर एक होता ज्याला तोंडाशी काही देणंघेणंच नव्हतं. तिने डाव मधोमध असताना पानांवरचे हात उचलले, टाळी वाजवली आणि तळवे दाखवले.

काही झालं नाही. वरचा काळा गोळा तसाच चकचकीत. वर माणूस आहे तरी का? का डबा उघडून जेवायला बसलाय मेला?

"पोरी, मच्छर मारतेस का?" म्हातारीने विचारलं.

गोडबोल्याने मान तिरकी करून मुंगीकडे पाहिलं. पण तो नुसता हसला. त्याला संशय कसा आला नाही म्हणता? थांबा की जरा, सगळं एकदम मागू नका.

मग तिने दुसरी चूक केली. नवी पानं पिसून पेटीत भरली की पहिलं पान कुणाला न दाखवता बाजूला टाकतात, त्याला पान जाळणं म्हणतात. ते फक्त सुरुवातीला. मुंगीने पेटी अर्धी संपलेली असताना एक पान ओढलं आणि सरळ जाळलं.

"अगं अगं अगं!" म्हातारी उभीच राहिली. "मधेच काय जाळतेस? माझा एक्का होता तो! मला वास येतो एक्क्याचा! अहो साहेब, बघा हो ही काय करतेय!"

मुंगीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मुकादम वळला असता, गोडबोल्याने अंगठा दाबला असता, आणि तिकडे पिवळ्या नाड्यांचे बूट उठून उभे राहिले असते. टेबलाच्या कडेपलीकडे गोडबोल्याचा खांदा किंचित हललेला तिने पाहिला. फोनवर गेला का अंगठा?

"माफ करा आजी," मुंगी म्हातारीला म्हणाली. आवाज असा आला की जणू विहिरीच्या तळातून. "चुकलं. बसा. तुमचा एक्का येईल परत."

म्हातारी पुटपुटत बसली. मुकादम वळला नाही, कारण ही बाई रोज दहा वेळा हाका मारायची आणि तो दहाही वेळा बहिरा व्हायचा. मुंगीला आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आळसाची पूजा करावीशी वाटली.

"नीट," गोडबोल्या हळूच म्हणाला. "आत्या चहा संपवत आलीय."

आता एकच गोष्ट उरली होती. असं काही, जे कुठलीही वाटणारी कधी करत नाही, करूच शकत नाही. हात सोडायचा हक्क खेळणाऱ्याचा. वाटणारीने आपला हात सोडायचा म्हणजे न्यायाधीशाने उठून आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभं राहण्यासारखं. मुंगीने आपल्या दोन पानांपुढे बोट टेकवलं आणि हिरव्या कापडावरून आडवी रेघ ओढली. उजवीकडून डावीकडे. मग रेघेच्या टोकाला तेच बोट गोडबोल्याच्या खुर्चीच्या दिशेने क्षणभर राहू दिलं, आणि पुढचं पान वाटलं.

वर काय झालं ते आता ऐका. हे पुढे कॅसिनोतल्या सगळ्यांच्या तोंडी झालं, म्हणून मला कळलं. वरचा माणूस खरंच जेवत होता. पहिली टाळी त्याने घास चावता चावता पाहिली आणि म्हणाला, नवशिकी आहे. जाळलेलं पान पाहिलं आणि घास थांबला. ती रेघ पाहिली आणि डबा बाजूला सरकवला. त्याने काचेचा डोळा खाली खाली आणला, बोटाच्या दिशेने, पहिल्या खुर्चीपर्यंत. समोरून कुणाला न दिसणारी गोडबोल्याची मांडी वरून आरशासारखी दिसत होती, आणि मांडीवर फोन, आणि फोनवर एका बाईचं चित्र.

बाईचं तोंड त्याने ओळखलं नाही. कधी पाहिलंच नव्हतं ना! पण कपाभोवतीची ती वाकडी करंगळी? जन्मभर त्याने तेच हात पाहिले होते. तेच हात निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी शेवटची टाळी वाजवून तळवे जरा जास्त वेळ वर धरले होते, आणि वर बसून हा बाबा एकटाच हात हलवत राहिला होता.

मुकादमाच्या मेजावरचा फोन वाजला.

मुंगीने कान तिकडे लावले. मुकादम नुसतं "हं, हं" म्हणत होता. मग तो दातांतली काडी फेकून टेबलापाशी आला. चेहऱ्यावर कंटाळा तसाच.

"पानं बदला," तो म्हणाला. "सगळी नवी. नीट पिसा, घाई नको."

"हे काय आता?" गोडबोल्याचा मध जरा आंबट झाला.

"एक पान जाळून टाकलं हिने मधेच, तक्रार आलीय बाईंची. नियम आहे साहेब."

"बघा! ऐकलं शेवटी माझं!" म्हातारी खूश.

मुंगीने नवी पानं कापडावर पसरली आणि दोन्ही तळव्यांनी कालवायला घेतली. गोल गोल. तिला काही कळत नव्हतं. मुकादमाला कळलंय, की त्याला फक्त तिची चूक कळलीय? तो तिच्या शेजारी उभा, आणि बोलायची सोय नाही. गोडबोल्या तिच्याकडे बघतोय. त्याचा उजवा हात टेबलाखाली. ती पिसत राहिली. गठ्ठा, तोडणं, मिसळणं, पुन्हा गठ्ठा. एवढं सावकाश पिसलं की म्हातारी जांभया द्यायला लागली. मुंगीला प्रत्येक पानात तेच स्वयंपाकघर दिसत होतं. राणी आली की आत्या, गुलाम आला की तो बूटवाला.

"पुरे आता," गोडबोल्या म्हणाला, आणि आवाजात गोडाचा थेंब नव्हता. "वाटा."

मुकादमाच्या मेजावरचा फोन पुन्हा वाजला. तो गेला, ऐकलं, परत आला. आणि मग त्या माणसाने, जो आयुष्यात कधी पानाला हात लावत नाही, ज्याला तळवे दाखवायचं काही कारण नाही, त्याने मुंगीच्या समोर उभं राहून एक टाळी वाजवली. दोन्ही तळवे उलटे केले. सुलटे केले.

स्वच्छ. काही नाही. सगळं ठीक.

मुंगीच्या घशातून विचित्र आवाज आला, हसू की हुंदका ते तिलाही कळलं नाही. गोडबोल्याच्या दोन्ही बाजूंना दोन आडदांड रखवालदार कधी येऊन उभे राहिले ते त्यालाही कळलं नव्हतं. त्याने अंगठा दाबला. दाबला, दाबला, परत दाबला.

"उचलत नाही ना कुणी?" मुकादम म्हणाला. "चला."

का उचलत नव्हतं कुणी, ते सांगते. आत्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे. रखवालदार आणि पोलीस दार ढकलून आत शिरले तेव्हा आत्या टेबलापाशी बसून पानं वाटत होती आणि समोर तो बूटवाला, पण बूट कुठले? पायात नुसते मोजे, एका मोज्याला भोक. बूट आत्याच्या खुर्चीखाली नीट जोडून ठेवलेले. त्याचा फोन बिस्किटांच्या डब्यात, डब्यावर झाकण, झाकणावर आत्याची कोपरं. पुढे गोडबोल्या तिकडे अंगठा दाबत राहिला तेव्हा डबा नुसता आतून घुर्र घुर्र करत राहिला.

"हे काय आजी?" पोलिसाने विचारलं.

"मीटरवाला आहे," आत्या म्हणाली. "मीटर बघून झालं तरी उठेना. मी दोनदा तळवे दाखवले, तरी बसलेलाच. मग म्हटलं, खेळतोस का एक हात? आता शर्टावर आलाय बिचारा. थांबा जरा, याचा कडक सोळा आहे, काय करतो बघू दे."

त्या बिचाऱ्याने पोलिसांकडे बघितलं, पानांकडे बघितलं, आणि टेबलावर बोट वाजवलं. फुटला.

मुंगी धावत घरी आली तेव्हा आत्या कप धूत होती. मुंगीने तिला पाठीमागून अशी मिठी मारली की कप फुटला.

"फुटलं," आत्या म्हणाली. "काय गं, कामावरून लवकर आलीस? नोकरी गेली की काय?"

नोकरी गेली नाही. पण दुसऱ्या दिवशी मुकादमाने तिला रिकाम्या टेबलामागे उभं करून पान कधी जाळायचं याची उजळणी करून घेतली. चूक ती चूक, म्हणाला.

हं. आता या कपात कसलासा आवाज आल्यासारखा वाटला मला, दात गळायच्या आत सांगून टाकते. मुंगीचे हात दगडासारखे स्थिर होते म्हटलं ना मी? ते माझ्या पदरचं. थरथरत होते हो. पहिल्या पानापासून, वाऱ्यात सापडलेल्या वाळत्या कपड्यासारखे. आणि म्हणूनच तर गोडबोल्याला संशय आला नाही. ती टाळी, ते जाळलेलं पान, ती रेघ, सगळं त्याला घाबरलेल्या पोरीचा गोंधळ वाटला.

बाकी सगळं खरं. पिवळ्या नाड्यांसकट.